पाठ टेकली की नाही? पंचाच्या एका शिट्टीवरून राक्षेवाडी ते मुठा चर्चाच चर्चा

चाकण : महाराष्ट्र केसरीचा निकाल लागून आठवडा झाला, पण चाकण पट्ट्यात ती कुस्ती अजून सुटलेली नाही. आंबेठाण चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं असोत, भोसरीतल्या चहाच्या टपरीवरची गर्दी असो, नाहीतर राजगुरुनगरला बाजाराला आलेली म्हातारी माणसं असोत, बोलता बोलता मोबाईल पुढे होतो आणि तोच व्हिडिओ लागतो. बोट लावून थांबवायचा, मागे न्यायचा, परत सोडायचा. "हा बघ, खांदा वर आहे." "अरे, दुसऱ्या बाजूनं बघ की." मग आवाज चढतात, बस येते आणि राहिलेलं भांडण बसमध्ये चालू राहतं.

झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात. २ फेब्रुवारीला, रविवारी, अहिल्यानगरला गादी विभागाची शेवटची कुस्ती शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्यात लागली. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचा निकाल दिला. आपली पाठ टेकलीच नाही, व्हिडिओ बघा आणि मग ठरवा, असं शिवराजचं म्हणणं होतं. वाद वाढला, शिवराजने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्यानंतर गदेसाठीची कुस्ती पृथ्वीराज आणि माती विभागातून आलेला सोलापूरचा महेंद्र गायकवाड यांच्यात झाली. तिथेही गुणावरून कुरबूर झाली आणि शेवटचे काही सेकंद राहिलेले असताना महेंद्र मैदान सोडून गेला. गदा आणि थार गाडी पृथ्वीराजला मिळाली. शिवराज आणि महेंद्र, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

आता ही कुस्ती आपल्याकडे एवढी का लागली, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. शिवराज नांदेडकडून उतरत असला तरी मूळचा राक्षेवाडीचा, म्हणजे खेड तालुक्याचा, चाकणच्या हाकेवरचा. पृथ्वीराज मुळशीतल्या मुठ्याचा. ज्यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून महाराष्ट्र केसरीची गदा दिली जाते ते मामासाहेब मोहोळही मुठ्याचेच. चाकणच्या कंपन्यांमध्ये खेडची पोरं आहेत तशी मुळशीचीही आहेत. एकाच लाईनवर शेजारी शेजारी उभं राहून काम करणारे दोघे, आणि पाठ टेकली की नाही यावर दोघांची दोन मतं. दोघांकडे व्हिडिओ तोच.

खेडची बाजू अशी, की डबल महाराष्ट्र केसरी पैलवान व्हिडिओ दाखवा म्हणतोय, तर दाखवायला काय हरकत होती? मुळशीची बाजू अशी, की पंचाने निकाल दिला, विषय संपला; पंचावर हात टाकणाऱ्याची बाजू घ्यायचीच कशाला? दोन्ही बाजूंत दम आहे. पण चर्चा तिथे थांबत नाही. कोणाचं आडनाव काय, कोण कुठल्या गावचा, व्यासपीठावर कोण बसलं होतं, यावरून लोक हिशोब मांडायला लागतात आणि "पंच मॅनेज होता" इथे गाडी येऊन थांबते. याला पुरावा म्हणत नाहीत. आडनावावरून निकाल ठरवायचा तर जिल्ह्यात एकही जोड लावता येणार नाही. आणि यात पृथ्वीराजवरही अन्याय होतोय, हे खेडच्या पोरांनी मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे. निकाल त्याने दिलेला नाही, त्याने डाव टाकला. आयुष्यातली सगळ्यात मोठी गदा हातात आली आणि गावोगाव बोललं जातंय ते दुसऱ्याच्याच पाठीबद्दल.

लाथ मारणं चूकच होतं. त्यात जर-तर नाही. पण लाथ चुकीची होती म्हणून तिच्या आधी विचारलेला प्रश्न चुकीचा ठरत नाही. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी तर पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या, इथपर्यंत भाषा नेली. असं बोललं की मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटतात.

हे पहिल्यांदा झालेलं नाही

जानेवारी २०२३ आठवा. पुण्यात कोथरूडला स्पर्धा होती. माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची कुस्ती झाली. बाहेरली टांग डावावर महेंद्रला चार गुण दिले गेले आणि महाराष्ट्रभर रान पेटलं. तेव्हाही असाच व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला जात होता. त्या पंचांना धमकीचा फोन गेला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्या वर्षी शेवटच्या कुस्तीत महेंद्रला चितपट करून गदा कोणी नेली? शिवराज राक्षेने. तेव्हा खेडमध्ये गुलाल उधळला गेला आणि पंचांच्या चुकीबद्दल इकडे फार कोणी बोललं नाही. त्यात नवल नाही. आपला जिंकला की पंच देवमाणूस असतो.

पुढे नोव्हेंबर २०२३ ला फुलगावच्या मैदानात त्याच सिकंदरने शिवराजला काही सेकंदांतच आस्मान दाखवलं. त्या निकालावरून एवढं रान कुठे पेटलं? चितपट स्वच्छ होती, सगळ्यांना दिसली. म्हणजे हरल्याचं दुःख पैलवानाला आणि त्याच्या गावाला पचतं. पचत नाही ते न दिसलेलं हरणं.

त्याच नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या संघटनेची दुसरी महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली आणि तिथे शिवराज जिंकला. एका महिन्यात दोन स्पर्धा, दोन गदा, दोन विजेते. संघटनांचं हे भांडण २०२२ पासून चालू आहे. पंच नेमतं कोण, तर ज्याची स्पर्धा त्याची संघटना. मग पंचाकडे बघताना लोक त्याची शिट्टी बघत नाहीत, तो कोणाचा माणूस आहे हे बघतात. ही सवय संघटनांनीच लावली आहे.

मातीवर आणि गादीवर

जुनी माणसं एक गोष्ट सांगतात ती ऐकण्यासारखी आहे. तांबड्या मातीत पंचाला फार बोलावं लागत नाही, कारण माती साक्ष देते. पैलवान उठला की त्याची पाठ गर्दीकडे फिरवली जाते. दोन्ही खांद्यांना माती लागली असेल तर शेवटच्या रांगेत झाडावर बसलेल्या पोरालाही दिसते. आणि गावच्या जत्रेतली कुस्ती निकाली असते, तिथे गुण नाहीत. एकतर चितपट, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची आणि इनाम दोघांत वाटायचं. जत्रेत अन्याय होत नाही असं नाही. तो होतो जोड लावताना. गावच्या पुढाऱ्याच्या भाच्याला सोपा गडी आणि गरिबाच्या पोराला किलोनं जड. पण एकदा हात मिळाले की मग पाठ खोटं बोलत नाही.

गादीवर माती नाही. पाठीला काही चिकटत नाही. खांदे टेकले तो क्षण डोळ्याच्या पापणीएवढा असतो, आणि तो गेला की मागे फक्त पंचाचा शब्द राहतो. शिवाय पंच एका बाजूला वाकलेला असतो, दुसऱ्या बाजूचा खांदा त्याला दिसेलच असं नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत गादीवर एक पंच नसतो, तिघे असतात. मधला शिट्टीवाला पंच, बाजूचा जज आणि टेबलवरचा मॅट चेअरमन.

आता खरा मुद्दा इथे आहे आणि चौकातल्या चर्चेत तो कुठेच येत नाही. गादीवरच्या कुस्तीत चॅलेंज घ्यायची सोय असते. गुण चुकीचा दिला असं वाटलं तर पैलवानाचा कोच स्पंजचा तुकडा गादीवर फेकतो, व्हिडिओ तपासला जातो. चॅलेंज खोटं ठरलं तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि पुढचं चॅलेंज बंद. क्रिकेटमधल्या डीआरएससारखंच. पण चितपटीच्या निकालाला चॅलेंज नाही. जागतिक संघटनेच्या नियमातच नाही. एका गुणासाठी व्हिडिओ बघता येतो, आणि ज्या निकालाने अख्खी कुस्ती संपते त्याला व्हिडिओ मागता येत नाही.

ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. चितपट एकट्या पंचाने द्यायचीच नसते. पंचाला वाटलं खांदे टेकले, तर त्याने आधी जजकडे किंवा चेअरमनकडे बघायचं, त्यांचा होकार घ्यायचा, चेअरमनने तो निकाल पक्का करायचा आणि मग गादीवर हात आपटून शिट्टी मारायची. चॅलेंज नाही, कारण तपासणी शिट्टीच्या आधीच व्हायची असते. शिट्टीनंतर फार तर पैलवानाने दाद मागायची म्हटली, तर कुस्ती संपल्यावर निकालाविरुद्ध तक्रारही घेतली जात नाही. दार एकच आणि ते शिट्टीच्या आधी.

म्हणजे विचारायचं ते हे, की त्या रात्री तिघांनी मिळून निकाल दिला हे समोर बसलेल्या हजारो लोकांना दिसलं का? चेअरमनचा होकार कधी आला, कसा आला, हे कोणाला कळलं का? पंच प्रामाणिक होता की नव्हता, हे टपरीवर बसून कोणालाच सिद्ध करता येणार नाही. त्यावर वर्षभर भांडता येईल. पण होकार दिसला की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. मोठ्या स्पर्धेत मोठे पडदे असतात. त्यावर पुढाऱ्यांचे सत्कार दिसतात, जाहिराती दिसतात. त्याच पडद्यावर ते काही सेकंद दोन बाजूंनी दाखवले असते तर काय झालं असतं? खांदे टेकलेले दिसले असते, तर शिवराजला आणि खेडला गप्प बसावं लागलं असतं. टेकलेले दिसले नसते, तर कुस्ती पुढे चालली असती. पृथ्वीराजची गदा दोन्ही बाजूंनी स्वच्छ झाली असती.

पडदा नसला की काय होतं

फुटबॉल बघणाऱ्यांना हे नवीन नाही. चाकणच्या खोल्यांमध्ये राहणारी बंगाल, मणिपूर, केरळची पोरं मॅच लावून बसतात, त्यांना विचारा. ११ जून २०२४ ला दोहामध्ये भारत आणि कतार यांची वर्ल्डकप पात्रतेची मॅच होती. मिझोरामच्या छांगटेने गोल केला होता, भारत १-० ने पुढे होता. ७३ व्या मिनिटाला बॉल रेषेच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि गोल झाला. रेफ्रीने गोल दिला. टीव्हीवर बघणाऱ्या प्रत्येकाला बॉल बाहेर गेलेला दिसला, फक्त ज्याने निकाल द्यायचा त्याच्याकडे बघायला पडदा नव्हता, कारण पात्रतेच्या त्या टप्प्यात व्हिडिओ रेफ्रीची सोयच ठेवलेली नव्हती. भारत २-१ ने हरला आणि पुढच्या फेरीचं दार बंद झालं. २०१८ च्या वर्ल्डकपपासून मोठ्या मैदानात ही सोय आली. तरी वाद संपले असं नाही, पण आता भांडण बॉल हाताला लागला की मुद्दाम लावला यावर होतं. बॉल बाहेर होता की आत, यावर होत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण तर त्याहून जुनं. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधव एक मोठी कुस्ती खेळून उठले आणि त्यांना लगेच दुसरी लढायला सांगितलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्यांच्या बाजूने भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. गोळेश्वरचा पैलवान ब्राँझ घेऊन आला. नियम पुस्तकात होता, तो वापरायला माणूस नव्हता.

आणि एवढ्या लांब जायची तरी गरज काय? माघ पौर्णिमेला निमगावला खंडोबाची यात्रा असते. बैलगाडा घाटात जाऊन बघा. आपल्याकडे घाटात एका वेळी एकच गाडा पळतो, त्याची शर्यत घड्याळाशी असते. पूर्वी घड्याळ माणसाच्या हातात असायचं. बटण उशिरा दाबलं, निशाण लवकर पडलं, यावरून काठ्या निघायच्या. आता बऱ्याच घाटांत सेन्सरचं घड्याळ आलं. बारी संपली की सेकंद आणि मिली स्पीकरवरून लगेच पुकारले जातात. गाडामालक चिडतो, बैलांवर चिडतो, नशिबावर चिडतो, पण घड्याळावर सहसा चिडत नाही. बैलगाड्याच्या बाबतीत जे आपल्या गावकऱ्यांनी पदरचे पैसे घालून केलं, ते राज्याच्या सगळ्यात मोठ्या कुस्तीत का होत नाही, हे संघटनेला विचारायला हरकत नाही.

पणाला काय लागलेलं असतं

महाराष्ट्र केसरी म्हणजे नुसती गदा नाही. विजय चौधरी, नरसिंग यादव यांच्यासारखे पैलवान कुस्तीच्या जोरावर पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. शेतकऱ्याच्या घरात एक पोरगं तालमीत घालायचं म्हणजे घरचं दूध विकायचं नाही, त्याला पाजायचं. बदाम, तूप, तालमीचा खर्च, आणि शेतात एक हात कमी. दहा-बारा वर्षं असं घातल्यावर त्या सगळ्याचा हिशोब एका शिट्टीत होतो. म्हणून पैलवान पेटतो. आणि म्हणूनच ती शिट्टी वाजण्याआधी तिघांनी बघायचं असा नियम जगाने केला आहे.

दुसरीकडे पंचाचंही बघा. त्याला गदा नाही, गाडी नाही, मिरवणूक नाही. २०२३ ला धमकी, २०२५ ला लाथ. पडद्यावर निकाल दाखवला असता तर तो सगळ्यात आधी पंचाच्याच कामी आला असता. चुकला असता तर तिथल्या तिथे दुरुस्त झालं असतं. बरोबर असता तर आठवडाभर त्याचं नाव घेऊन शिव्या गेल्या नसत्या. व्हिडिओ म्हणजे पंचावर अविश्वास, असं काही जाणकारांना वाटतं. उलट आहे. आज पंचाच्या बाजूने बोलायला पंचाशिवाय कोणीच नाही.

आता जत्रांचा हंगाम तोंडावर आहे. माघात निमगाव, मग चैत्रापासून खेड, मावळ, मुळशीत गावोगाव आखाडे लागतील. रेवडीच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत मैदानात उभं राहायला गावातलेच जुने पैलवान लागतात. हौसेखातर उतरणारी माणसं ती. दरवर्षी यात्रा कमिटीच्या बैठकीत वर्गणी आणि तमाशा ठरतो, पंच कोण हे आयत्या वेळी फेटा बांधताना ठरतं. यंदा ते बैठकीतच ठरवावं लागेल. निकाल तिघांनी द्यायचा, दोन्ही बाजूंना एकेक मोबाईल स्टँडवर लावायचा आणि शंका आली तर कुस्ती थांबवून तिथेच बघायचं, एवढं आधी स्पीकरवरून पुकारलं तरी निम्मी भांडणं कमी होतील. यात कोणाचा खर्च नाही. मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात असतोच, आणि कुस्तीचा व्हिडिओही निघतोच. फक्त तो आज निकालानंतर चौकात बघितला जातो.

राज्य पातळीवर मात्र हे स्टँडवरच्या मोबाईलने भागणार नाही. चौकशीची मागणी झाली आहे. चौकशी करायची तर ती शिवराजच्या लाथेपाशी थांबू नये. त्या रात्री कॅमेरे किती होते, कुठल्या बाजूला होते, चेअरमनने होकार कधी दिला, ते चित्रण आज कोणाकडे आहे, हे लेखी बाहेर यायला हवं. मुळशीलाही ते हवंच असणार, कारण तोवर पृथ्वीराजच्या प्रत्येक सत्कारात कोणीतरी मागून पुटपुटणारच. आणि शिवराजची बंदी तीन वर्षांची कायम राहिली, तर तो पुन्हा या गादीवर उभा राहील तेव्हा २०२८ उजाडलेलं असेल.